मदत हवी आहे : एक नंबरची जोड ठरेना

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रेच्या कुस्ती मैदानासाठी एक नंबरची जोड, म्हणजे मुख्य कुस्ती, ठरत नाहीये. एक पैलवान कोल्हापूरच्या तालमीतला, दुसरा बेळगावचा. दोघेही यंदा हरलेले नाहीत. अडचण तीच, हरला की पुढच्या मैदानांचं इनाम उतरतं.

इनाम वाढवून बघितलं. पोस्टरवर पहिलं नाव कुणाचं, यावर चिठ्ठी टाकू म्हटलं तर दोन्ही वस्तादांनी फोनच उचलले नाहीत. आता एकाला निकालीच (चीतपट होईपर्यंत) कुस्ती हवी, दुसऱ्याला वीस मिनिटांनंतर गुणांवर. वजनात फरक जेमतेम तीन किलोचा, त्यावर वाद नाही. विसार (आगाऊ रक्कम) अजून कुणालाच दिलेला नाही. दुसरी जोड सुचवू नका, वर्गणी याच नावांवर जमलीय.

(हेवीवेट बॉक्सर रिडिक बोने 1992 मध्ये डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण प्रतिस्पर्धी बॉक्सर लेनॉक्स लुईसशी व्यावसायिक लढत केली नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिक फायनलला बो लुईसकडूनच हरला होता. आमचे हे दोघे तर अजून एकदाही भिडलेले नाहीत!)

पोस्टर आठ दिवसांत छापायचंय. ज्यांनी अशी जोड लावलीय त्यांनी सांगा: हरणाऱ्यालाही ठरलेली रक्कम दिली तर भीती कमी होते का, आणि वेळेची अट दोघांना मान्य होईल अशी कशी लिहून घेतलीत?