मदत हवी आहे: थायरॉईडच्या चाचणीत टीएसएच आधी ७.८, तीन आठवड्यांनी ०.०९. कोणता रिपोर्ट खरा?

बहिणीचे (वय ३६) दोन रिपोर्ट आहेत. पहिल्यात टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) ७.८, फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) १.१ (लॅबची मर्यादा ०.९ ते १.७). दुसरा वेगळ्या लॅबचा: टीएसएच ०.०९, फ्री टी४ २.४. थायरॉईडची गोळी चालू नाही. मधल्या काळात केसगळतीच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यात बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) १० मिग्रॅ आहे. वजन स्थिर, धडधड नाही, हात थरथरत नाहीत. गरोदर नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करावं?

शेवंती:
पहिला संशय बायोटिनवरच. बऱ्याच लॅबमधली चाचणी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला पकडून ठेवणारं प्रथिन) यांच्या घट्ट जोडीवर चालते. गोळीतलं बायोटिन रक्तात जास्त झालं की ते स्ट्रेप्टॅव्हिडिनवरच्या जागा अडवतं आणि मशीनला मिळणारा सिग्नल घटतो. टीएसएचच्या चाचणीत सिग्नल कमी म्हणजे हार्मोन कमी. फ्री टी४ चं गणित उलटं, तिथे सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त. त्यामुळे कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईड (थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करणं) दिसतं. ग्रेव्हजसाठी (प्रतिकारशक्तीमुळे थायरॉईड अतिसक्रिय होण्याचा आजार) करतात ती टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीसुद्धा याच पद्धतीत खोटी वाढलेली येऊ शकते, म्हणजे चुकीला चुकीचाच दुजोरा. अशा रिपोर्टवर कार्बिमॅझोल (थायरॉईडचं हार्मोन कमी करणारं औषध) सुरू झालं तर धडधाकट ग्रंथीला औषधाने दाबल्यासारखं होईल.

बायोटिन किमान २ दिवस बंद हवं; १० मिग्रॅचा डोस असल्याने ३-४ दिवस ठेवा. मग पुन्हा टीएसएच, फ्री टी४. मल्टिव्हिटॅमिनमधले ३०-४० मायक्रोग्रॅम सहसा त्रास देत नाहीत, पण 'हेअर, स्किन, नेल्स' लिहिलेल्या डब्यांचं लेबल वाचाच. लॅबला चाचणीची पद्धतही विचारा, सगळ्या मशीनवर हा घोळ होत नाही.

पाणकोंबडी:
पहिला रिपोर्ट मात्र विसरू नका. टीएसएच वाढलेला आणि फ्री टी४ नॉर्मल म्हणजे सबक्लिनिकल हायपोथायरॉईड (थायरॉईड मंदावायला लागलंय, पण हार्मोन अजून पुरेसं आहे). मोठ्या आजारातून उठल्यावरही टीएसएच काही काळ चढतो, म्हणून एका आकड्यावर गोळी सुरू करत नाहीत. २-३ महिन्यांनी पुन्हा तपासतात, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी). ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे खरा हायपो होण्याची शक्यता जास्त. टीएसएच १० च्या वर टिकला तर साधारणपणे उपचार करतात. त्याखाली वय, लक्षणं, अँटीबॉडी पाहून ठरतं. मूल हवं असेल तर निकष वेगळे, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

धागाकर्ता:
धन्यवाद. उपाशीपोटी जावं लागेल का? आणि बायोटिन थांबवूनही टीएसएच कमीच आला तर?

शेवंती:
उपाशी असण्याची सक्ती नाही. पण टीएसएच रात्री-पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे वेळ आणि लॅब दोन्ही तीच ठेवा.

तरीही कमी आला तर फ्री टी३, रिसेप्टर अँटीबॉडी आणि गरज पडल्यास टेक्नेशियम स्कॅन (सौम्य किरणोत्सारी द्रव्य देऊन ग्रंथी ते किती खेचते हे पाहणं). ग्रेव्हजमध्ये ग्रंथी द्रव्य जास्त खेचते. थायरॉईडायटिसमध्ये (ग्रंथीचा दाह) जवळजवळ खेचतच नाही, कारण तिथे साठवलेलं हार्मोन नुसतं गळत असतं. त्यात कार्बिमॅझोलचा उपयोग नाही.

मध्येच नाडी अनियमित झाली, धाप लागली किंवा जोराची धडधड सुरू झाली तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.