विषय: वाणासाठी जुन्या साड्यांचे ६० बटवे

हळदीकुंकू समिती:
नमस्कार मंडळी, यंदा वाण प्लास्टिकचं नको, हे नक्की. काठपदराच्या दोन रेशमी साड्या आल्यात. ६० बटव्यांना पुरतील? अस्तर कशाचं?

शिवणगट:
नाही पुरणार. कापड उरेल, पण काठ कमी पडेल. एका बटव्याला ८ इंच रुंद, १० इंच उंच असे दोन तुकडे लागतात, काठ तळाशी. साडेपाच मीटर म्हणजे साधारण २१६ इंच, एका काठाचे २७ तुकडे, दोन्ही काठांचे ५४. म्हणजे एका साडीचे फार तर २७ बटवे, त्यातून टाचेशी घासलेला काठ बाद. चार साड्या धरा. मधल्या कापडाच्या नाड्या होतील. अस्तराला जुने सुती शर्ट, धुऊन.

कापण्याआधी कापड उजेडात धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणा. घडीवर चिरलं तर ते विरलंय, बाजूला ठेवा. बाकीच्याला मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) लावा, इस्त्री मंद, वर सुती कापड. नकली जरतार बऱ्याचदा प्लास्टिकची असते, गरम इस्त्रीने आक्रसते. सुई ११ नंबर, टाका ३ मिमी. बारीक टाक्याने जुनं रेशीम शिवणीवरच फाटतं, आणि हीच चूक सर्रास होते.

शिवण: माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) अर्धा इंच. तुकडा आणि अस्तर वरच्या कडेला जोडा, मग दोन्ही जोड समोरासमोर ठेवून चहूबाजूंनी शिवा. रेशमाच्या दोन्ही कडांना वरच्या जोडापासून दीड इंचावर अर्धा इंच उघडं सोडा, अस्तराच्या तळाशी ३ इंच. सुलटं करून तळ बंद करा, उघड्या जागेच्या वर-खाली गोल टीप मारली की नेफा तयार. २२ इंची दोन नाड्या समोरासमोरच्या भोकांतून पूर्ण फिरवा. एकच ओवली तर बटवा एका बाजूला ओढला जातो.

समिती:
एक फाटकी पैठणीही आलीय, ताई. पदर कापू का?

शिवणगट:
पदरातली नक्षी बाण्याच्या (आडव्या) वेगवेगळ्या रंगीत धाग्यांनी विणलेली असते, कापलं की कडेने सुटत जाते. आधी फ्यूजिंग, मग कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना झिगझॅग, मगच कात्री. धड पदर असेल तर मात्र हात लावू नका, दुसऱ्या साडीला जोडता येतो.

आणि चिठ्ठीवर '१०० टक्के जुनं कापड' लिहू नका. फ्यूजिंग आणि दोरा नवा आहे. 'बाहेरचं कापड जुन्या साडीचं' एवढं पुरे. शिवणाऱ्यांना नगावर पैसे ठरवणार असाल, तर उसवण्याचा आणि धुण्याचा वेळही धरा.