माळ्यावरचं सामान कसं आणि कुठून आवरायला घ्यावं?

मुग्धा_डोंबिवली: नमस्कार मंडळी, आमचा वन बीएचके आहे आणि किचनवरचा माळा अक्षरशः छतापर्यंत भरलाय. सासरे गेल्या वर्षी गेले, त्यांची कागदपत्रांची एक मोठी ट्रंक आहे, शिवाय तांब्यापितळेची भांडी, सासूबाईंच्या जुन्या साड्या, फराळाचे डबे, बंद पडलेला मिक्सर सगळं एकात एक. नवरा म्हणतो भंगारवाल्याला बोलाव आणि एका दिवसात मोकळं कर, पण सासूबाई नुसता विषय काढला तरी गप्प होतात आणि मला त्यांना दुखवायचं नाहीये. दिवाळीआधी थोडं तरी व्हावं असं वाटतं, सुरुवात कुठून करू?

निवृत्त_बँकर: मुग्धाताई, ट्रंक भंगारवाल्यासमोर उघडूच नका. आमच्या पिढीने शेअर सर्टिफिकेटं, किसान विकास पत्रं, एफडीच्या पावत्या, विम्याचे बाँड सगळं अशा ट्रंकेतच ठेवलंय, लाइट बिलाच्या गठ्ठ्यात मधेच एखादं निघतं, म्हणून एकेक कागद उलगडून बघा. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून विकता येत नाहीत पण वारसाच्या नावावर करून डिमॅट, म्हणजे ऑनलाइन खात्यात जमा, करता येतात. सलग ७ वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार निधीकडे जातात, तिथूनही वारसाला परत मागता येतात, वेळ लागतो पण मिळतात. जुनं पासबुक सापडलं तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर सासऱ्यांच्या नावाने शोधा, १० वर्षं हात न लावलेल्या ठेवी तिथे दिसतात. बाकी लाइट बिलं खुशाल रद्दीत.

शुभांगी_काकू: अगं मुग्धा, नवऱ्याचं ऐकू नकोस, एका दिवसात माळा काढला की घरात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि संध्याकाळी दमून सगळं तसंच परत वर जातं. एका वेळी दोनच डाग, म्हणजे दोनच वस्तू, खाली काढ, दुपारी चहा झाला की सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बस आणि हे कुणी दिलं एवढंच विचार, ठेवायचं की टाकायचं हे विचारूच नकोस. माझ्या सासूबाईंनी घंगाळ हातात घेतलं आणि काठावरचं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव बोटाने चाचपत राहिल्या, त्यांच्या मामांनी लग्नात दिलेलं, मग बराच वेळ माहेरचंच बोलत होत्या आणि शेवटी स्वतःच म्हणाल्या की हे एक राहू दे, बाकी मोडीत घाल. मोडीला देताना वजन डोळ्यासमोर करून घे हं, आणि ज्या पातेल्यात स्वयंपाक करणार त्याला कल्हई हवीच नाहीतर आंबट काही केलं की कळकतं.

पैठणीवेडी: साड्यांचं सांगते, जरीच्या साडीला डांबर गोळी टेकू देऊ नका, जर काळी पडते. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या मलमलमध्ये किंवा सुती धोतरात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, एकाच घडीवर राहिली की रेशीम तिथेच चिरतं. घडीवर आधीच विरलेल्या असतील तर काठ काढून उशांचे अभ्रे शिवता येतात पण सासूबाईंना विचारूनच. साध्या सुती साड्यांची गोधडी करा, आमच्याकडे तरी बोहारणीला देण्यापेक्षा तेच बरं वाटतं सगळ्यांना.

मुग्धा_डोंबिवली: काकू, दोन डागांचं एकदम पटलं, आणि ट्रंक मी नवऱ्याला शेजारी बसवूनच उघडते. मिक्सरसोबत जुने मोबाइलपण आहेत, एकाची बॅटरी फुगलीये, ते पण भंगारात चालतं का?

निवृत्त_बँकर: नको, फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. चार्जिंगला लावू नका, गॅसपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या. बाकीचे मोबाइल द्यायच्या आधी त्यातले सासऱ्यांचे फोटो तेवढे काढून घ्या.