येवल्याच्या पैठणीचा रंग फोटोतून उचलताना

मोरपंखी पैठणीच्या फोटोवर कलर पिकरने (रंग उचलायच्या साधनाने) क्लिक केलं की दर वेळी वेगळा रंगाचा कोड येतो, असं का, हा इथला प्रश्न. गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सॅम्पल ॲव्हरेज' बंद असेल तर पिकर एकाच पिक्सेलचा, म्हणजे फोटोतल्या एका बारीक ठिपक्याचा रंग वाचतो. ते चालू करून त्रिज्या वाढवा, म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी मिळेल. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरला (तिथला पिकर) 'पॉइंट सॅम्पल'ऐवजी 5 बाय 5 ठेवा. गिंपमध्ये लेयर (चित्राचे एकावर एक थर) जास्त असतील तर सगळ्या थरांचा मिळून दिसणारा रंग घेणारं 'सॅम्पल मर्ज्ड'ही तपासा.

पण येवल्याच्या साडीचा खरा प्रश्न त्यापुढचा आहे. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा. हिरवा आणि निळा दोन्ही धागे तिथे खरोखरच असतात, त्यामुळे एकच 'बरोबर' कोड शोधण्यात अर्थ नाही. माझ्या मते उजेडातला एक आणि चुणीतला एक, असे दोन रंग घ्यावेत. साडीचं सौंदर्यच त्या दोहोंच्या खेळात आहे, ते एका सपाट रंगात मारू नका! जरीच्या काठाजवळ मात्र क्लिक करू नका. जेपेग (फोटोची नेहमीची .jpg फाइल) मध्ये रंगाची माहिती बहुधा कमी बारकाव्याने साठवलेली असते, म्हणून सोनेरी छटा शेजारी पसरते.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली फोटो काढला असेल तर पिकर तो पिवळेपणाही उचलणार. फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं करडं कार्ड) ठेवा आणि 'लेव्हल्स'मधल्या करड्या ड्रॉपरने त्यावर क्लिक करा, मगच रंग घ्या. कॅटलॉग नाशिकला छापणार असाल तर प्रेसकडून आधी एक प्रूफ (नमुना छपाई) काढून घ्या आणि दिवसाउजेडी साडीशेजारी धरून बघा.