बागाला बुकिंग झालं, आता आईच्या झोपेचं काय करू?

खामलाकर
डिसेंबरात गोव्याला जाऊन राहिलो. बायको, पाचवीतलं पोट्टं आणि आई. आईचं वय ७२. मेव्हण्याने ऑफर पाहून बागाला हॉटेल घेऊन दिलं, पैसे परत मिळत नाहीत. आता रिव्ह्यू वाचून राहिलो तर जो तो लिहितो, खोली मस्त, नाश्ता मस्त, पण मागच्या बारचा धडधडाट मध्यरात्रीनंतरही चालू. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, "गोव्याला काय झोपायला जाता, भाऊजी?"

गल्लीत वरातीचा डीजे आला की आई डोकं धरून बसते. कानात कापूस चालतो का? खोली कोणती मागू, वरच्या मजल्यावरची? पोलिसांना फोन केला तर कोणी येतं का? "बागा सोडा" हे घरूनही ऐकून राहिलो, ते शेवटी सांगा.

जरीपटका_साउंड
लग्नात तो डीजे मीच लावतो, तेव्हा शिव्या नंतर द्या.

कापूस विसरा. तुम्हाला गाणं ऐकू येत नाही, नुसतं धम धम येतं ना, तो बेस. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. पडदा, दार, साधी भिंत तिला काही करत नाही. फोमचे इअरप्लग माणसांचा कल्ला, झांजा, शिट्ट्या चांगल्या दाबतात, बेस कमी दाबतात. तरी घ्याच. बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर पैसे वाया.

वरचा मजला मागू नका. खाली निदान कंपाउंडची भिंत, शेजारचं घर मध्ये येतं, वर आवाज सरळ येतो. बारच्या उलट्या बाजूची खोली मागा, म्हणजे हॉटेलची अख्खी इमारत आड येते. कोपऱ्याची नको, तिला बाहेरच्या दोन भिंती. सरकत्या खिडकीची फट पाहा, निम्मा त्रास तिथूनच. आणि रात्री जमीन थंड होते, वरची हवा उबदार राहते, आवाज वर न जाता खाली वळतो. म्हणून लांबचा बारही रात्री उशाशी वाटतो. दुपारी खोली पाहून "शांत आहे" म्हणू नका.

महालची_सून
खामलाकर दादा, आपण एप्रिल ते जून कशात झोपतो? कूलरच्या घरघरीत! त्या आवाजात शेजारच्यांचा टीव्हीही ऐकू येत नाही. हॉटेलचा एसी मुका असतो, म्हणून बारीकसा आवाजही टोचतो. घरच्या कूलरचं मोठं रेकॉर्डिंग करून न्या, पंखाही फुल ठेवा. सासूबाईंना आम्ही असंच झोपवलं.

खरं सांगायचं तर सासूबाई रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतात, त्या निवांत असतात. जागे आम्हीच.

एक मात्र, आईंनी दोन्ही कानांत प्लग घातले तर बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि रात्री उठताना तुम्हाला हलवायला सांगा. नवी जागा, ओली फरशी.

कोर्टाच्या_चकरा
कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रात्रीची मर्यादा निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. सणासुदीला राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. बंद सभागृहाला वेगळा नियम, म्हणून प्रत्येक बारवाला "आमचं बंदिस्त आहे" म्हणतो.

११२ लावा, वेळ लिहून ठेवा, आधी रिसेप्शनला सांगा. पण चार रात्रींच्या पाहुण्याने त्याच रात्री निकाल लागेल अशी आशा धरू नये. ही लढाई तिथे राहणाऱ्यांची आहे, आणि ती ते पर्वरीच्या हायकोर्टापर्यंत लढतात.

खामलाकर
हॉटेलला फोन केला. मागची खोली देतो म्हणाले. "मागची" म्हणजे बारकडची, हे दोनदा विचारल्यावर कळलं! आता रस्त्याकडची, पहिल्या मजल्यावरची लिहून घेतली, मेलवर.

बायको म्हणते, निम्म्या रात्री दक्षिणेला काढू. पाळोळे की आगोंद?

महालची_सून
आगोंद. तिथे कासवं अंडी घालायला येतात, म्हणून किनाऱ्यावर उजेड-आवाजावर बंधनं आहेत. पाळोळेही बागाच्या मानाने बरंच, तिथे हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या निघाल्या त्या रात्री दहाच्या नियमामुळेच. पण आईंना वाळूपर्यंत फार चालायला लावू नका, खोली किनाऱ्याला लागून घ्या. नागपूर-मडगाव गाडीने जात असाल तर मडगावहून टॅक्सी.

खामलाकर
आगोंद पक्कं. ताई, कूलरचा आवाज फोनवर वाजवायचा तो उशीजवळ ना?

जरीपटका_साउंड
मी सांगतो. उशीजवळ नको, कानाशी तोच टोचेल. खिडकीच्या बाजूला टेबलावर, बारचा आवाज जिकडून येतो तिकडे. छोटा ब्लूटूथ स्पीकर असला तर उत्तम, फोनमधून कूलरची घरघर नीट निघत नाही. चार्जर लावून ठेवा.