मदत हवी आहे: रात्रीच्या प्रसंगाची प्रकाशयोजना नेमकी कुठून सुरू करावी?

नमस्कार मंडळी,

लघुपटासाठी प्रकाशयोजना शिकतोय. की (मुख्य उजेड), फिल (सावल्या उजळणारा) आणि बॅक (पाठीमागून येणारा) या तीन दिव्यांची मांडणी पाठ आहे, पण प्रत्यक्ष प्रसंग लावताना आधी काय आणि नंतर काय, हे उमगत नाही. म्हणून एकच प्रसंग समोर ठेवतो.

रात्र, लहान खोली. टेबलावर शेडचा दिवा, दोन बाजूंना आई आणि मुलगा. मुलगा घर सोडून चाललाय आणि आईला ते आधीच ठाऊक आहे. संवाद अगदी थोडे, त्यामुळे सगळं चेहऱ्यांवर अवलंबून. हाताशी आहे रंग-तापमान (उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा) बदलता येणारा एक एलईडी पॅनल, एक छोटा एलईडी, पांढरा थर्माकोल आणि काळं कापड.

टेबलावरच्या दिव्यावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) धरलं की चेहरे काळे पडतात, चेहऱ्यांवर धरलं की शेड पांढरीफटक. पॅनल कॅमेऱ्याशेजारी लावला तर चेहरे दिसतात, पण सपाट, आणि मागच्या भिंतीवर मोठ्या सावल्या पडून रात्र उरतच नाही. शिवाय दिवा पिवळा, पॅनल निळसर; आईचे दोन गाल दोन रंगांचे दिसतात.

आणखी दिवे घ्या, असा सल्ला कृपया नको. आहे त्यात विचार कोणत्या क्रमाने करायचा, ते जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

प्रसंग चांगला निवडलात. आधी सगळे दिवे बंद करा, कॅमेरा मॅन्युअलवर आणा आणि फक्त टेबलावरचा दिवा लावा. उजेड तिथूनच येतोय असं प्रेक्षकाला वाटायला हवं, पण चेहरे उजळायचं काम त्या दिव्याकडून करून घेऊ नका. बल्ब मंद करा, शेडचा पोत दिसेल इतका. चेहऱ्यावरचा उजेड त्याच दिशेने, पण फ्रेमबाहेरून, पॅनलने द्या.

कॅमेऱ्याशेजारचा उजेड चेहऱ्याच्या चढउतारांवर सारखाच पडतो, म्हणून सपाटपणा. पॅनल टेबलाच्या पलीकडच्या बाजूला न्या. आईचा कॅमेऱ्याकडचा गाल सावलीत जाईल आणि नाक, गालफडं, डोळ्यांच्या खोबणी दिसू लागतील. पॅनलपुढे पातळ पांढरं कापड ताणा. चेहऱ्याच्या मानाने उजेडाचा स्रोत जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ.

भिंतीचा प्रश्न अंतराने सुटतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पॅनल चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी १ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या साधारण पाव उजेड मिळतो, म्हणजे २ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तोच पॅनल ३ मीटरवर नेला तर भिंतीला निम्म्याहून जास्त मिळतो. तेव्हा टेबल भिंतीपासून पुढे ओढा आणि पॅनल जवळ आणा, तीव्रता कमी करून.

फिल सगळ्यात शेवटी, आणि तो दिव्याने नको. आईच्या सावलीतल्या गालाकडे थर्माकोल हळूहळू सरकवा, डोळा दिसू लागला की थांबा. मुलाच्या बाजूला उलट करा: काळं कापड धरून खोलीतून परतणारा उजेड अडवा. ती मोकळी, तो मिटलेला, हा फरक न बोलता कळेल.

प्रतिसाद २

रंगाबद्दल. घरगुती पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो (केल्व्हिन हे रंग-तापमानाचं एकक; आकडा कमी तितका उजेड पिवळा). पॅनलही तिथेच आणा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ३२०० वर पक्का करा. ऊब थोडी राहील आणि दोन्ही गाल जुळतील. काही एलईडी बल्ब मंद केल्यावर चित्रात लुकलुकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स घेताना शटर १/५० सेकंद ठेवा आणि आधी चाचणी चित्रण करून पाहा.

थर्माकोलचं महत्त्व मीही सांगेन. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत खालून त्यावर टाकला. परतलेला उजेड मोकळ्या आकाशाचा वाटतो. उजेड कशावरून उसळवायचा, हा विचार दिव्यांच्या संख्येपेक्षा मोलाचा आहे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, क्रम आता लख्ख कळला. एकच शंका: शेवटी मुलगा उठून दाराकडे जातो. पॅनल इतका जवळ असेल तर दोन पावलांत तो काळोखात जाईल ना?

प्रतिसाद १

जाऊ द्या, प्रसंगाला ते शोभेलच. फक्त आकृती भिंतीत विरघळू नये म्हणून छोटा एलईडी दाराबाहेर, थोडा थंड, ४५०० केल्व्हिनच्या आसपास आणि अगदी मंद ठेवा. दार उघडं असल्याने त्या उजेडाला कारणही मिळतं. तो आईपर्यंत पोचत असेल तर मधे काळं कापड लावा. आणि वाइड शॉट आधी घ्या. क्लोजअपला पॅनल आणखी जवळ आणता येतो, पण दिशा तीच ठेवा, नाहीतर संकलनात दोन शॉट जुळणार नाहीत.