जाळीचा दर्शनी पडदा आणि किमोनो बेताचा कोट: कागदावर छान, नमुन्यात अडतंय

तिरकी रेघ

एकाच कल्पनेवर इमारत आणि कपडा, असा जोडप्रकल्प आहे: दुसरीकडची रीत आजच्या साहित्यात आणायची. नमुने झाले आहेत आणि दोन्हीकडे गाडी अडली आहे.

इमारत: पश्चिमेकडच्या काचेपुढे ३ मिमी ॲल्युमिनियमची लेझरने कापलेली जाळी, बारा टोकी ताऱ्यांची नक्षी, भोकं साधारण ९० मिमी, ४५ टक्के भाग उघडा. पॅनेल १.२ × ३ मीटर, काचेपासून ७५ मिमी पुढे. दुपारी चारनंतर आत जवळजवळ पूर्ण ऊन येतं. शिवाय पॅनेलच्या सांध्यावर तारे तुटल्यासारखे दिसतात.

कोट: किमोनोसारखे सरळ आयत, अस्तर नाही, ३२० जीएसएमची (चौरस मीटरला ३२० ग्रॅम) लोकर, पन्हा १४८ सेंमी. ३६ सेंमीच्या पट्ट्या कापून जोडल्या. हात वर केला की सगळा कोट वर येतो, मानेमागे कापड दाटतं. पाठीवर साशिकोचा (जपानी भरतकामातला) धावदोरा घातला, तर कापड गोळा झालं.

आणि लेबलवर नेमकं काय लिहायचं? ‘जपानी कोट’ लिहायला मन धजत नाही.

---

बाराखांब

जाळीचं बोलतो. तुमच्याकडे जाळीची नक्षी आली, जाडी आली नाही. दगडी जाळीत भोक आणि जाडी जवळपास सारखी असते, ऊन अडतं ते त्या खोलीमुळे. साधं गणित: भोकाची रुंदी र, खोली ख, आणि ऊन काचेच्या लंबरेषेशी जितक्या अंशांनी तिरकं असेल तो कोन. भोकावर पडलेल्या थेट उन्हातला आत जाणारा हिस्सा = १ − (ख ÷ र) × त्या कोनाचा टॅन्जंट.

५० मिमी भोक, ५० मिमी खोली: ३० अंशांना ४२ टक्के आत, ४५ अंश आणि पुढे शून्य. तुमचं ९० मिमी भोक, ३ मिमी खोली: ६० अंश तिरकं ऊनही ९४ टक्के आत. म्हणजे तुमची जाळी सावली देत नाही, ४५ टक्के उघडा असलेला पत्रा जेवढं अडवेल तेवढंच अडवते. नक्षी कुठलीही घ्या, आकडा तोच.

भोकं १२ मिमीपर्यंत लहान केली तर त्याच पत्र्यात ६० अंशांना ५७ टक्क्यांवर येता. पण मग तारा दिसायचा नाही, चाळणी दिसेल. त्यापेक्षा भोकाचा तुकडा पूर्ण कापून फेकू नका. एक कडा सोडून बाकी कापा आणि ती पाकळी बाहेर दुमडा. खोली मिळते, भंगार जात नाही. यासाठी ५०५२ जातीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. ६०६१-टी६ अरुंद वळणावर तडकतो. आतल्या वळणाची त्रिज्या निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवा आणि दुमडीच्या दोन्ही टोकांना ४-५ मिमीचं गोल भोक पाडा, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते.

आता पश्चिम, हे खरं दुखणं. आडवी पाकळी म्हणजे छोटा छज्जा. सूर्य २० अंशांवर असताना ४५ मिमीचा छज्जा ९० मिमी भोकातला फक्त १६ मिमी भाग झाकतो. म्हणून पश्चिमेला पाकळ्या उभ्या कडेवर दुमडा आणि बाजूला झुकवा. डावीकडे की उजवीकडे, ते तुमच्या जागेचा सूर्यमार्ग काढून ठरवा. त्रासाच्या महिन्यांत चार ते सहाच्या दरम्यान ऊन कोणत्या बाजूने येतं, तिकडे पाठ करायची. तरीही जेव्हा ऊन अगदी समोरून येतं तेव्हा खोली उपयोगाची नाही, तिथे उघडा भाग २०-२५ टक्क्यांवर आणणं हाच उपाय.

अबू धाबीच्या अल बहर टॉवर्समध्ये (२०१२) मश्रबियाची (अरबी घरांतल्या लाकडी जाळीच्या खिडकीची) कल्पना घेतली, ती अशी: प्रत्येक टॉवरवर हजाराच्या वर घड्या पडणाऱ्या छत्र्या, ऊन फिरेल तशा उघडतात-मिटतात. त्या काचेपासून सुमारे दोन मीटर पुढे स्वतंत्र सांगाड्यावर आहेत आणि उत्तरेला नाहीतच. नक्षी चारही बाजूंना सारखी फिरवायचा मोह आवरला, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटमध्ये (१९८७, ज्याँ नुवेल) दक्षिणेच्या दर्शनी भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यासारखी उघडझाप करणारी २४० पॅनेलं आहेत. दिसायला अप्रतिम, पण यंत्रणा बरीच वर्षं बंद होती. हलणारे भाग घालणार असाल तर ते काचेच्या आडून नव्हे, बाहेरून सुटे काढता आले पाहिजेत.

७५ मिमी अंतर चालणार नाही. तापलेला पत्रा काचेवर उष्णता फेकत राहतो आणि काच पुसायला हात जात नाही. ६०० मिमी ठेवा, वर-खाली उघडं सोडा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. पत्रा किती ताणला जातो ते बघा: ३ मीटर लांबी, ५० अंशांचा फरक, तर साडेतीन मिमी. पॅनेल एका ठिकाणी पक्कं, बाकी सगळीकडे लांबट भोकं. स्टीलचे बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुशिंग, नाहीतर पावसाळी हवेत बोल्टभोवती पांढरी पूड दिसायला लागेल.

तारे तुटतात कारण पॅनेलची कड नक्षीच्या मधूनच गेली आहे. या नक्षीत आरशासारख्या सममितीच्या रेषा असतात, सांधा त्या रेषेवरच घ्या. म्हणजे आधी नक्षीचा मूळ चौकोन ठरवायचा, मग पॅनेलचं माप त्याच्या पटीत. तुम्ही उलटं केलंत. १.२ मीटर आधी ठरलं आणि नक्षी त्यात कोंबली. मूळ चौकोन ४०० मिमीचा घेतला तर १.२ मीटरमध्ये तीन बसतात, पण ३ मीटरमध्ये साडेसात. पॅनेल २.८ चं करा.

---

सरळधागा

कोटाकडे येते. ३६ सेंमीची पट्टी कापलीत, पण ती का ३६ ची असते? किमोनोचं कापड मागावरच साधारण ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचं विणलं जातं, लांबी १२ मीटरच्या आसपास. त्यातून आठ आयत निघतात: अंगाचे दोन, बाह्या दोन, पुढच्या पदराचे दोन, कॉलरचे दोन. दोन्हीकडे काठ असतो म्हणून कड उसवत नाही. आणि पूर्वी धुताना शिवणी उसवून पट्ट्या पुन्हा जोडून लांब कापड करत. तुमच्या पट्ट्यांना काठ नाही, प्रत्येक कड उसवणारी. अरुंद पन्ह्याची अडचण तुम्ही रुंद कापडावर ओढवून घेतलीत, आणि तिचा फायदा मात्र मिळाला नाही.

१४८ पन्ह्यावर नव्याने बेता. रीत एवढीच, की सगळं सरळ कापायचं आणि चिंधी उरू द्यायची नाही. लांबी १८८ सेंमी घ्या (कोट ९० चा, खालची दुमड ४, पुढचं-मागचं मिळून). आडवा हिशोब: ४० + ६८ + ४०.

मधला ६८ चा तुकडा म्हणजे अंग. खांद्यावर शिवण नाही, पुढे मधोमध चीर. दोन्ही बाजूंच्या ४० च्या पट्ट्यांतून आधी प्रत्येकी ५३ सेंमी कापा, त्या बाह्या. उरले १३५ × ४०. त्याचे उभे दोन भाग: १५ सेंमीची कॉलरपट्टी आणि २५ सेंमीची दुसरी. त्या २५ च्या पट्टीतून ९५ चा पुढचा पदर, १५ चा तुकडा बगलेला (काखेत बसवायचा चौकोन), २५ चा खिशाला. बगलेचा तुकडा १५ × १५ करून घ्या, बाजूला उरेल ती पट्टी खिशाच्या तोंडाला. बाही मनगटाच्या चार बोटं वर संपते, ते धरून चाला.

हात वर केल्यावर कोट का चढतो: बायकांच्या किमोनोत बाहीची आतली बाजू अंगाला शिवलेलीच नसते, काखेखाली उघडी असते. तुम्ही ती बंद केलीत. कोटाला उघडी ठेवता येत नाही, म्हणून बगल हवी, आपल्या कुर्त्याला असते तशीच. बाहीच्या खालच्या शिवणीचे शेवटचे १२ सेंमी आणि अंगाच्या बाजूच्या शिवणीचे वरचे १२ सेंमी मोकळे ठेवा. १५ च्या चौकोनातून चारी बाजूंना दीड सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेली कड) जाऊन १२ चा उरतो. चौकोन सरळ धाग्यावर कापा. बसल्यावर ताण त्याच्या कर्णावर येतो, म्हणजे उरेब, आणि उरेब कापड देतं.

बगल फाटते ती कायम कोपऱ्यात. कारण शिवण मायेच्या आत थांबण्याऐवजी कडेपर्यंत नेली जाते. कोपऱ्याच्या बरोबर दीड सेंमी आधी थांबा, दोन टाके उलटे घ्या, दोरा तोडा, मग दुसरी बाजू स्वतंत्र सुरू करा. सुई खाली ठेवून कापड वळवायचं नाही. प्रत्येक कोपऱ्याला आतून ३ × ३ चा पातळ कापडाचा तुकडा चिकटवा.

मानेमागे दाटतं कारण सरळ बेतात खांद्याला उतार शून्य, अंगाला मात्र आहे. किमोनोत गळ्याची चीर खांद्याच्या घडीवर नसते, दोन-तीन सेंमी मागे सरकवलेली असते, त्याला कुरिकोशी म्हणतात. अडीच सेंमी मागे घ्या, कॉलर मानेपासून सुटेल.

आणि ३२० जीएसएम सोडा. सरळ बेतात काखेत कापड जमणारच, ते पडलं पाहिजे, उभं राहता कामा नये. १८० ते २२० मध्ये, हातावर टाकलं की लगेच ओघळणारं बघा.

साशिको: मुळात ते झिजलेल्या पातळ कापडांचे दोन-तीन थर एकत्र धरण्यासाठी आहे. एकाच जाड थरावर ते नुसतं शोभेचं, आणि धरायला मागे काही नसल्यामुळे कापड गोळा होतं. मागे धुतलेल्या सुती मलमलीचा थर लावा. दोन्ही कापडं आधी भिजवून आटवून घ्या. लांब सुईवर पाच-सहा टाके एकदम भरा, दोरा ओढला की अंगठ्याने कापड मागे सारत सपाट करा, हे प्रत्येक वेळी, ओळ संपल्यावर नव्हे. वळणावर मागच्या बाजूला दोन-तीन मिमीचा सैल फास सोडा. टाका पुढे तीन, मागे दोन या प्रमाणात. रेषा एकमेकींना छेदतात तिथे मधोमध टाका येऊ द्यायचा नाही, रिकामं सोडायचं. हे जमलं की नक्षी आपोआप चोख दिसते.

---

खडूपट्टी

लेबलबद्दल. ‘जपानी कोट’ नको हे बरोबर. पण ‘जपानी प्रेरणा’ त्याहून पोकळ. बेत, टाका, कापड आणि शिवणारा वेगवेगळं लिहा: ‘सरळ आयतांचा बेत, किमोनोच्या रीतीवरून, बगल कुर्त्यावरून, साशिको टाका, विणकाम अमुक ठिकाणी’. चार ओळी होतात, होऊ द्या.

कुणाचं काय, हे अनेकदा वाटतं तितकं सरळ नसतं. वॅक्स प्रिंट, म्हणजे भडक नक्षीचं छापील सुती कापड, आज पश्चिम आफ्रिकेची ओळख आहे. १९व्या शतकात डच कारखान्यांनी जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करायला घेतली. कापडावर लावलेल्या राळेला तडे जाऊन रंगाच्या शिरा उमटत, जावात तो दोष मानला गेला, पश्चिम आफ्रिकेत तेच आवडलं. कोयरीचं इंग्रजी नाव स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाचं आहे, कारण काश्मिरी शालीची नक्कल तिथल्या मागांवर होत होती. चुण्यांचं बघा: व्हेनिसमधल्या फोर्टुनी या डिझायनरने १९०७ च्या सुमारास ग्रीक पोशाखावरून रेशमी चुण्यांचा झगा केला, पण ओला झाला की चुण्या जात, म्हणून तो पीळ घालून ठेवावा लागे. जपानी डिझायनर मियाकेच्या १९९३ च्या ‘प्लीट्स प्लीज’मध्ये कपडा अडीच ते तीन पट मोठा बेतून आधी शिवतात आणि मग कागदात धरून दाब-उष्णतेने चुण्या पाडतात. पॉलिएस्टर आहे म्हणून त्या टिकतात. सुती कापडावर हे करू जाल तर पहिल्या धुण्यात सपाट.

दोन ठिकाणी मात्र सावध. एक, अक्षरं नक्षी म्हणून वापरायच्या आधी ती वाचता येणाऱ्याला दाखवा. १९९४ मध्ये शानेलच्या पोशाखावर कुराणातल्या ओळी निघाल्या आणि त्यांचे डिझायनर लागरफेल्ड यांना माफी मागावी लागली. दोन, एखाद्या गावाची विशिष्ट नक्षी. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या मिहे लोकांच्या ब्लाउजवरून दोन फ्रेंच ब्रँडांचा वाद कोर्टात गेला, तेव्हा त्यातल्या एका, इझाबेल मारांच्या बाजूनेच सांगितलं गेलं की ही नक्षी मुळात त्या गावची आहे. बारा टोकी तारा किंवा सरळ आयत कुणा एका गावाचा नाही. पण एखाद्या गावाचीच अशी नक्षीही असते. फरक ओळखा.

@बाराखांब, एक शंका. पाकळ्या दुमडल्यावर वाऱ्याने शीळ वाजणार नाही का?

---

तिरकी रेघ

२.८ मीटर आणि ४० + ६८ + ४० दोन्ही लगेच घेतले. पाकळी दुमडल्यावर तारा समोरून ओळखू येईल का? कारण नाहीतर सगळा खटाटोप कशासाठी, असं परीक्षक विचारतील.

---

बाराखांब

समोरून येईल, तिरकस बघितलं की मिटेल. बघणारा चालत जाईल तसा तारा उघडतो आणि बंद होतो, मोटर न लावता. पण सगळ्या पाकळ्या सारख्या दुमडू नका. ताऱ्याच्या मधल्या भोकाला ३० अंश, टोकांना ६०, असं ठेवलंत तर रेघ राखता येते.

@खडूपट्टी, शीळ वाजते ती धारदार कडेमुळे आणि एकसारख्या लहान भोकांच्या रांगांमुळे. ९० मिमीला धोका कमी. खरा त्रास पाकळी थरथरण्याचा: ३ मिमी पत्र्यात ८०-९० मिमीपेक्षा लांब पाकळी मोकळी सोडायची नाही, टोकाला १० मिमीची उलट दुमड द्या. लेझरची धार घासून मारून घ्या. एक पॅनेल पूर्ण मापाचं करून उभं बांधा आणि समोर पंखा लावून कान द्या, चित्रावरून हे कळत नाही. आणि बोल्टसाठीची भोकं दुमडीपासून निदान १२ मिमी लांब, नाहीतर दुमडताना ती अंडाकृती होतात आणि बोल्ट बसत नाहीत.